‘फॉर्मल अ‍ॅनॉलॉजी’ला मराठीत काय म्हणावे?

अनुवादिनी :
विज्ञानाच्या इतिहासावरील एका लेखाचा अनुवाद करते आहे आणि एकाच शब्दापाशी तीन दिवस अडले आहे. १८४२ साली विल्यम थॉमसन या जेमतेम सतरा वर्षांच्या विद्यार्थ्याने दाखवून दिले की, घन पदार्थातून उष्णता कशी पसरते याचे फ्रेंच गणिती फूरिएने मांडलेले गणित स्थिर विद्युतभारांनाही लागू पडते. तापमानाच्या जागी विभव (इलेक्ट्रिक पोटेन्शियल) वाचायचा आणि उष्णतेच्या उगमाच्या जागी विद्युतभार, की काम झाले. पुढे १८५५-५६ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेलने फॅरडेच्या बलरेषा, म्हणजे चुंबक आणि विद्युतभार यांच्याभोवती त्याने कल्पिलेल्या रेषा, समजून घेण्यासाठी नळ्यांतून वाहणारा एक द्रव कल्पिला आणि असा द्रव खरोखर असतो असे आपले म्हणणे नाही, हेही बजावून ठेवले. लेखक याला ‘फॉर्मल अ‍ॅनॉलॉजी’ म्हणतो. मी ‘आकारिक साधर्म्य’ लिहिले होते. संपादकांनी त्यावर काट मारून ‘औपचारिक समानता’ केले. ‘औपचारिक’ वाचले की मला व्याह्यांनी एकमेकांच्या हातात ठेवलेला नारळ आठवतो. काय लिहावे?

पाठभेद :
‘आकारिक’ला हात लावू देऊ नका. तर्कशास्त्रात ‘आकारिक तर्कशास्त्र’ हा शब्द रुळलेला आहे आणि तिथे ‘आकार’ म्हणजे आशय काढून घेतल्यावर उरणारा सांगाडा. ‘औपचारिक’ची गंमत अशी की, संस्कृतात ‘उपचार’ म्हणजे शब्दाचा गौण, लाक्षणिक प्रयोग. ‘हा मुलगा म्हणजे अग्नी आहे’ असे म्हणणे हा उपचार. म्हणजे संपादकांचा ‘औपचारिक’ एखाद्या शास्त्रीबुवांनी वाचला तर त्यांना ‘केवळ अलंकारापुरती समानता’ असा, मॅक्सवेलच्या हेतूच्या जवळजवळ उलट अर्थ लागेल.

निवृत्त मास्तर :
विशेषणाचे तुम्ही बघा. माझा आक्षेप नामावर आहे. मी बरीच वर्षे बारावीला भौतिकशास्त्र शिकवले. फळ्याच्या डाव्या बाजूला स्प्रिंगला टांगलेल्या वजनाचे समीकरण लिहायचे आणि उजव्या बाजूला कॉइल, रोध व कपॅसिटर यांच्या मंडलाचे. मग डावीकडचे वस्तुमान पुसून तिथे कॉइलचे इंडक्टन्स, घर्षणाच्या जागी रोध आणि विस्थापनाच्या जागी विद्युतभार लिहिला की डावे समीकरण उजवे होऊन जाते. खडूची भुकटी खाली पडते आणि वर्गात एकदम शांतता पसरते. आता मला सांगा, लोखंडी गोळा आणि तांब्याच्या तारेचे वेटोळे यांच्यात समान धर्म कोणता? रंग, वजन, आकार, काहीही जुळत नाही. जुळते ते हे की, गोळ्याचे स्प्रिंगशी जे नाते, तेच वेटोळ्याचे कपॅसिटरशी. धर्म समान नसताना ‘साधर्म्य’ म्हणणे मला पटत नाही, आणि ‘सादृश्य’ त्याहून नाही, कारण दिसायला तर ती अजिबात सारखी नाहीत.

पाठभेद :
मास्तर, गोळा वेगातल्या बदलाला विरोध करतो आणि वेटोळे प्रवाहातल्या बदलाला. ‘बदलाला विरोध करणे’ हा धर्मच नव्हे काय? धर्म म्हणजे रंग आणि वजन एवढेच असते, तर न्यायशास्त्राचे, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्राचे, दुकान केव्हाच बंद झाले असते.

निवृत्त मास्तर :
हा धर्म तुम्हाला आधी दिसला, की दोन्ही समीकरणे शेजारी मांडल्यावर दिसला? मला तरी नंतर दिसला. माझे म्हणणे एवढेच आहे.

शब्दवेल्हाळ :
चर्चा संस्कृतकडे चाललीच आहे, तर न्यायदर्शनाचा ‘उपमान’ हा तयार शब्द का घेऊ नये? ‘प्रसिद्धसाधर्म्यात् साध्यसाधनमुपमानम्’, म्हणजे माहीत असलेल्या वस्तूशी असलेल्या साधर्म्यावरून माहीत नसलेली वस्तू जाणून घेणे ते उपमान, असे सूत्रच आहे. दोन हजार वर्षांची आपली परिभाषा अडगळीत टाकून आपण नवे शब्द पाडत बसतो, याचे वाईट वाटते.

पाठभेद :
त्या सूत्रावरचे उदाहरणही पाहावे. गावातल्या माणसाला रानातला माणूस सांगतो की, गवय गाईसारखा असतो. पुढे हा रानात जातो, गाईसारखे जनावर पाहतो आणि ‘गवय म्हणतात तो हाच’ असे त्याला कळते. उपमानाने मिळाले काय, तर एका नावाची एका वस्तूशी सांगड. थॉमसनला मात्र उष्णतेच्या गणितावरून विद्युतभारांविषयीची प्रमेये मिळाली. शिवाय शाळेत व्याकरण शिकलेला प्रत्येक मराठी माणूस ‘उपमान’ म्हणजे ‘मुखकमल’मधले कमळ असे समजतो. आणि साधर्म्याचा एवढा अभिमान बाळगण्यापूर्वी हेही लक्षात घ्यावे की, न्यायसूत्रांनी वादातल्या ज्या चोवीस फसव्या उत्तरांची यादी दिली आहे, तिच्यात पहिलेच नाव ‘साधर्म्यसम’ हे आहे.

शब्दवेल्हाळ :
म्हणजे आपलेच शब्द आपल्यालाच अपुरे, आणि इंग्रजी शब्द मात्र सर्वगुणसंपन्न, असेच ना?

पाठभेद :
इंग्रजी शब्द मुळात ग्रीक आहे, आणि ग्रीकमध्ये त्याचा अर्थ गणितातले प्रमाण: अ चे ब शी जे, ते क चे ड शी. अ‍ॅरिस्टॉटलने याच नियमाने रूपक समजावले आहे, की आयुष्याला जसे म्हातारपण तशी दिवसाला संध्याकाळ. आपण प्रत्येक शोकसभेत ‘आयुष्याच्या संध्याकाळी’ म्हणतो ते हेच. या हिशेबाने आपला सगळ्यात जवळचा शब्द ‘त्रैराशिक’ ठरतो.

शब्दवेल्हाळ :
त्रैराशिकावरून आठवले. आमची सव्वातीन वर्षांची नात परवा म्हणाली, ‘आजोबा, मीच करलं.’ सून लगेच ‘केलं म्हण’ म्हणून सांगू लागली. मी म्हटले, राहू दे. धर, भर, सर यांची धरलं, भरलं, सरलं अशी रूपे होतात, मग कर चे करलं का होऊ नये? तिला कोणी नियम शिकवलेला नाही. तिने मनातल्या मनात त्रैराशिक मांडले. दुसऱ्या दिवशी ‘झुरळ मरलं’ हेही आले. भाषाशास्त्रात या प्रकाराला ‘सादृश्य’च म्हणतात, हे मास्तरांनी कृपया नोंदवून घ्यावे.

तिरपा डोळा :
आपण सगळे विद्वान आहात म्हणून भीत भीत लिहितो. स्कॉलरशिपच्या बुद्धिमत्ता चाचणीत या प्रकाराला नाव आहे आणि ते लाखो मुलांना पाठ आहे: ‘समसंबंध’. पक्षी : घरटे :: मधमाशी : ? तिथे पक्षी आणि मधमाशी सारखे आहेत असे कोणी म्हणत नाही. संबंध सारखा आहे, एवढेच म्हणतात. मास्तरांना फळ्यावर हवे ते हेच ना?

निवृत्त मास्तर :
अगदी हेच. इतकी वर्षे मी ‘यांचे नाते सारखे आहे’ असे लांबण लावून सांगत होतो.

शब्दवेल्हाळ :
गाइडचा वास येतो हो त्याला. मॅक्सवेलवरच्या गंभीर लेखात ‘आकारिक समसंबंध’ आला की, वाचक खाली चार पर्याय शोधू लागेल.

तिरपा डोळा :
वास येतो, हे मान्य. माझी त्या शब्दाशी जुनी अढीही आहे. चौथीत सरावाच्या एका पुस्तकात ‘सुतार : रंधा :: लोहार : ?’ असा प्रश्न होता आणि पर्यायांत ऐरण, भाता, घण, कोळसा असे शब्द होते. आमच्या गल्लीच्या तोंडाशी लोहाराचे दुकान होते आणि त्याच्या भात्याची साखळी ओढायला मिळावी म्हणून आम्ही पोरे रांग लावत असू; माझ्या लेखी लोहार म्हणजे भाता. मी तेच लिहिले. उत्तरसूचीत घण होता. रंध्याने लाकडावर काम होते तसे घणाने लोखंडावर होते, असे गुरुजींनी समजावले, पण रंधा सुताराच्या हातात असतो तसा भाताही लोहाराच्या हातातच होता. दोन गोष्टींत संबंध एकच नसतो; त्यातला कोणता मोजायचा हे आधी कोणीतरी ठरवलेले असते.

काठावरचा :
अर्थशास्त्राचा विद्यार्थी या नात्याने तिरपा डोळा यांच्या भात्याला माझे मत. १९४९ साली लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये बिल फिलिप्सने पारदर्शक टाक्या आणि नळ्या जोडून एक यंत्र केले, ज्यात रंगीत पाणी म्हणजे देशातला पैसा; एक तोटी कराची, एक बचतीची. पाणी नळीत नाहीसे होत नाही, तसा खर्च झालेला पैसा कोणाचे तरी उत्पन्न होतो, हा संबंध त्याने मोजायला घेतला. लोक उद्या भाव वाढतील या धास्तीने आजच खरेदी करतात, हा संबंध घेतला नाही. पाण्याला धास्ती नसते. डच अर्थशास्त्रज्ञ टिनबर्खेनने १९६२ साली देशांमधल्या व्यापाराला न्यूटनच्या गुरुत्वाकर्षणासारखे सूत्र लावले: अर्थव्यवस्था मोठ्या तर व्यापार जास्त, अंतर मोठे तर कमी. सूत्र आजही वापरात आहे, पण न्यूटनकडे अंतराचा वर्ग येतो तसा इथे येतोच असे नाही. तेव्हा आकार जुळतो म्हणायचे तरी किती जुळला की म्हणायचे? मॅक्सवेलनेही आपल्या बाबतीत ‘आंशिक’ साम्य असेच म्हटले आहे. ‘आकारिक’पेक्षा ‘आंशिक’ हे विशेषण जास्त प्रामाणिक आहे.

पाठभेद :
विशेषण बदलले की मूळ लेखकाचे विधान बदलते. अनुवादकाला तो अधिकार नाही.

अनुवादिनी :
सर्वांचे आभार. संपादकांना ‘आकारिक समसंबंध’ कळवला; त्यांनी ‘पाहू’ म्हटले आहे, ज्याचा अर्थ मला कळतो. पण आज पुढच्या प्रकरणाला हात घातला आणि तिथे प्राणिशास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन बसलेला आहे. त्याने १८४३ मध्ये काम सारखे असलेल्या अवयवांना ‘अ‍ॅनॉलॉग’ आणि रूप व काम कितीही बदलले तरी मुळात तोच असलेल्या अवयवांना ‘होमोलॉग’ असे वेगळे काढले. म्हणजे पाखराचा पंख आणि फुलपाखराचा पंख पहिल्या जातीचे. आपला हात, वटवाघळाचा पंख आणि देवमाशाचा पर दुसऱ्या. लेखक म्हणतो की, भौतिकशास्त्राने ज्या शब्दाला डोक्यावर घेतले, त्याच शब्दाला जीवशास्त्राने वरवरचे साम्य म्हणून खाली बसवले. हे वाक्य दोन्हीकडे एकच शब्द असेल तरच मराठीत उभे राहते, आणि ‘समसंबंध’ फुलपाखराला बसत नाही.

निवृत्त मास्तर :
का बसत नाही? पंख : पाखरू :: पंख : फुलपाखरू.

पाठभेद :
मास्तर, त्याच रीतीने हात : माणूस :: पर : देवमासा हेही बसेल, आणि मग ओवेनने केलेला भेदच पुसला जाईल. इथे ‘साधर्म्य’ परत आणा.

शब्दवेल्हाळ :
मी पहिल्यापासून तेच म्हणत होतो.

पाठभेद :
आपण ‘उपमान’ म्हणत होता.