रडारला वाहनाचा प्रकार कसा कळतो

रडारला वाहन ठिपक्यासारखे दिसते, त्यामुळे बस आणि ट्रक यांतील फरक त्याला कळणार नाही, असे एक म्हणणे आहे. कमी बँडविड्थच्या, म्हणजे वारंवारतांचा अरुंद पट्टा वापरणाऱ्या, रडारबाबत ते खरे आहे. १५० मेगाहर्ट्झ बँडविड्थला अंतराची विभेदनक्षमता (म्हणजे किती अंतराने मागेपुढे असलेले दोन बिंदू वेगळे ओळखता येतात ते) सुमारे १ मीटर मिळते, १ गिगाहर्ट्झला ती १५ सेंटिमीटरपर्यंत येते, आणि मग मुंबईच्या पूर्व द्रुतगती महामार्गावरून जाणारी बेस्टची बस बंपर, चाकांच्या कमानी, कोपरे अशा अनेक परावर्तनांची मालिका होते. मात्र पाहण्याचा कोन थोडा बदलला तरी ही मालिका पालटते, म्हणून केवळ तिच्यावर वर्गीकरण सोपवू नये, असे माझे ठाम मत आहे. मला अधिक विश्वासार्ह वाटतो तो चाकांचा डॉप्लर, म्हणजे वेगामुळे परतलेल्या लहरींच्या वारंवारतेत पडणारा फरक: न घसरता फिरणाऱ्या चाकाचा रस्त्याला टेकलेला बिंदू क्षणभर स्थिर असतो आणि माथ्याचा बिंदू वाहनाच्या दुप्पट वेगाने पुढे जातो, त्यामुळे वाहनाच्या सांगाड्याकडून येणाऱ्या मुख्य वारंवारतेभोवती इतर वारंवारतांचा पसारा दिसतो. रणगाड्याच्या पट्ट्याचा वरचा सरळ भागही दुप्पट वेगाने सरकतो, पण तो सगळा एकाच वेगाने जात असल्याने वारंवारतांच्या आलेखात तेथे वेगळी, ठळक रेषा उमटू शकते. सायनच्या कोंडीत थांबलेल्या वाहनांना मात्र, रडार रस्त्याकडेला स्थिर असेल तर, डॉप्लर नसतोच. तेथे खांब आणि कठडे यांच्या परावर्तनांतून वाहन वेगळे काढणे हाच खरा कठीण प्रश्न आहे.