जुनी मॅटाडोर घरच्या अंगणात उभी करायची की गॅरेजला द्यायची?

खाडीकाठ, ऐरोली

काकांची १९८६ ची मॅटाडोर व्हॅन आमच्या रो-हाउसच्या अंगणात आहे. तिची कॅम्पर, म्हणजे आत झोपायची सोय असलेली गाडी, करायची यावर घरात एकमत आहे, वाद आहे तो कुठे करायची यावर. भावोजी म्हणतात, तुर्भ्याला एखाद्या गॅरेजला टाक आणि मोकळा हो. माझं मत ठाम आहे: पत्र्याचं काम घरी, आपल्या डोळ्यांसमोर आणि जमेल तितकं आपल्या हातानेच व्हावं.

कॅम्परसाठी ही गाडी उत्तम. इंजिन पुढे, ओढही पुढच्या चाकांना, त्यामुळे मागच्या मजल्याखालून शाफ्ट जात नाही. मजला खाली आणि सपाट मिळतो. पण आपल्याकडे खाडीची खारी हवा आणि चार महिने पाऊस. पत्र्यावर पत्रा ठेवून जिथे स्पॉट वेल्ड (ठिपक्याठिपक्यांचं वेल्डिंग) केलेला असतो, त्या फटीत पाणी मुरतं आणि गंज आतून बाहेर येतो. रंगाला फुगवटा येईपर्यंत आतला पत्रा संपलेला असतो. छताच्या कडेची पन्हळ, काचेच्या रबराखालची चौकट, दाराखालचे सिल, चाकांच्या कमानी ही त्याची ठरलेली घरं. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत गेलं की कळतं: चांगला पत्रा खणखणतो, सडलेला बद्द वाजतो. ड्रायव्हरच्या दाराखाली रंग अगदी गुळगुळीत होता, आवाज मात्र बद्द. टोक टेकवलं तर ते सरळ आत गेलं. तांबूस भुगा पडला आणि त्यासोबत पुट्टीची जाड खपली. कधीतरी कोणीतरी पैसे घेऊन भोकावर पुट्टी थापली होती. ज्या गाडीत मुलांना घेऊन झोपायचं, तिच्यात पुट्टीखाली काय आहे हे मला माहीत असायलाच हवं.

सुलभाताई, नेरुळ

तुमची तळमळ समजते, पण मी पूर्ण विरोधात आहे. रो-हाउस म्हणजे भिंतीला भिंत. तुमच्या अंगणातलं काम शेजारच्या स्वयंपाकघरात येतं. ग्राइंडरचा आवाज एक वेळ सोसू. रंगाचं काय? टू-के, म्हणजे हार्डनर मिसळून मारायच्या रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट ही रसायनं असतात. त्यांचा फवारा श्वासातून गेला की दमा जडू शकतो, आणि एकदा शरीर संवेदनशील झालं की पुढे अगदी थोड्या मात्रेनेही त्रास होतो. कापडी मास्क तिथे काही कामाचा नाही, बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क लागतो. शेजारच्या आजींना तो कोण देणार? जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ती धूळ फुंकून उडवायची नसते, एवढं तरी तुमच्याकडे मदतीला येणाऱ्या पोरांना ठाऊक आहे का?

आणि इंधनाची टाकी. रिकामी टाकी निर्धोक असते असा समज आहे. इंधनाची वाफ आणि हवा यांचं मिश्रण त्याच रिकाम्या टाकीत पेट घेतं. वस्तीत, गॅस सिलिंडरपासून चार पावलांवर वेल्डिंग? नको.

टूलरूमवाला, वागळे इस्टेट

ताई, रंग आणि टाकीबद्दल अक्षरन् अक्षर मान्य. टाकी काढून बाहेरच पाठवायची, त्यात चर्चा नको. पण त्या दोन कामांसाठी सगळंच घराबाहेर काढायची गरज नाही. खोलणं, खरवडणं, गंज शोधणं, मोजमाप, कागदी फर्मे करून पत्रा कापणं यात धोका कमी आणि वेळ जास्त लागतो. गॅरेजमध्ये महाग पडतो तो हाच वेळ.

वेल्डिंगबद्दल अनुभवाचं सांगतो. बॉडीच्या पातळ पत्र्याला गॅस वेल्डिंग नको, उष्णता पसरून पत्रा लहरी घेतो. मिग (तार आपोआप पुढे सरकणारं विजेचं वेल्डिंग) घ्या. सलग ओढू नका, लांब लांब अंतरावर टाके घाला आणि मधली जागा थंड झाल्यावर भरा. सडका भाग चांगला पत्रा लागेपर्यंत कापून काढा आणि नवा तुकडा कडेला कड भिडवून बसवा. वरून पॅच मारलात तर दोन पत्र्यांमध्ये पाणी साठायला पुन्हा जागा झाली. सिलच्या पोकळीत शेवटी कॅव्हिटी वॅक्स, म्हणजे गंज रोखणारं मेण, मारा. बाहेरून कितीही रेड ऑक्साइड लावलं तरी आत पोहोचत नाही.

कलम५२, ठाणे

घर की गॅरेज हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न, आरसीवर काय लिहिलंय? गाडी मालवाहू म्हणून नोंदलेली असेल तर आत पलंग टाकून ती कॅम्पर होत नाही. गाडीतल्या बदलांबद्दल मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलंय की निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाहीत. कॅरॅव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे वेगळं मानक आहे. नवी मुंबईचं एमएच ४३ असो वा ठाण्याचं एमएच ०४, पत्र्याला हात लावण्याआधी आरटीओत लेखी विचारा.

विंटेज म्हणून सुटका होईल अशीही आशा नको. २०२१ च्या नियमांत विंटेज म्हणजे पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं पुरी झालेली आणि मूळ रूपात राखलेली गाडी. तुमची २०३६ पर्यंत बसत नाही. बसली तरी विंटेज गाडी प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन अशा कामांपुरतीच रस्त्यावर आणता येते. ती घेऊन कोकणात मुक्कामाला जाता येणार नाही. आणि कॅम्पर केली की मूळ रूप राहिलं कुठे?

पाना_पक्कड, तुर्भे

पुट्टीचा विषय निघाला म्हणून बोलतो, माझा धंदाच डेंटिंग-पेंटिंगचा. गिऱ्हाईक येतं, 'गणपतीआधी द्या आणि बजेट एवढंच' म्हणतं. सिल कापून नवा बसवायचं सांगितलं की पुढच्या गॅरेजला जातं. चोरून थापणारे आमच्यात आहेत, नाही म्हणत नाही, पण बहुतेक पुट्टी मागून लावून घेतलेली असते. दादा, तुम्ही जेवढा वेळ घरी घालवणार तेवढ्या वेळाचे पैसे मला द्या, प्रत्येक सांधा रंगाआधी उघडा दाखवतो. शिवाय उघडी गाडी अंगणात ताडपत्रीखाली ठेवून पावसाळा काढणार असाल तर खरवडलेला पत्रा रात्रीत लालसर होतो. शेडशिवाय हे काम होतच नाही.

खाडीकाठ, ऐरोली

रंग आणि टाकी बाहेर. सुलभाताई, यावर माझा शब्द. आरसीवर 'मिनीबस, खाजगी' आहे, तरी आतल्या मांडणीचा नकाशा घेऊन आधी आरटीओत जातो. लेखी नकार आला तर आतला ओटा-पलंग होणार नाही, गाडी मिनीबस म्हणूनच दुरुस्त होईल.

पाना_पक्कड, तुम्ही सांधा उघडा दाखवाल यावर विश्वास आहे. तरी पत्रा घरीच. माझ्या मुलीला फर्मा कापता येतो, मुलगा ठोकून आवाज ओळखतो. उद्या घाटात काही खुडबुड झाली तर गाडी आतून पाहिलेली माणसं गाडीतच असतील. ती गोष्ट विकत मिळत नाही. वेल्डिंग पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरपासून. तोवर फक्त खोलणं, मोजणं, आणि खरवडलं तेवढ्यावर त्याच दिवशी प्रायमर.

सुलभाताई, नेरुळ

शब्द दिलात, बरं वाटलं. वेल्डिंगला मात्र माझा विरोध कायम आहे. करणारच असाल तर शेजाऱ्यांना दिवस आणि वेळ आधी सांगा, आतल्या सीट आणि फोम आधी बाहेर काढा, अग्निशामक हाताशी ठेवा, आणि काम संपल्यावर निदान तासभर कोणीतरी गाडीपाशी थांबा. ठिणगी फटीत जाऊन उशिरा धुमसते.