एएफपीचा आकडा आणि आपण : अनुभव लिहा

मैत्रेयी
जाऊबाईंच्या क्वाड्रुपल मार्करमध्ये (गरोदरपणात बाळातील दोषांची जोखीम पाहणारी रक्ततपासणी) एएफपी वाढलेले आले आणि घरात कोणीतरी "ही तर कर्करोगाची तपासणी" असे म्हणाल्यापासून त्यांची झोप उडाली आहे. माझ्या गरोदरपणातली ती भीती पुन्हा जागी झाली. एएफपी म्हणजे अल्फा-फीटोप्रोटीन. हे प्रथिन गर्भाच्या यकृतात तयार होते आणि त्यातले थोडे आईच्या रक्तात उतरते, त्यामुळे ते तिथे सापडणे स्वाभाविकच आहे. माझी पाळी अनियमित असल्याने गर्भाचे वय कमी धरले गेले होते. सोनोग्राफीवरून आठवडे दुरुस्त केल्यावर तोच आकडा मर्यादेत बसला. आपलेही अनुभव कृपया लिहावेत.

रानजाई
एएफपी वाढले की बाळाच्या पाठीच्या कण्यातील दोषाची शंका घेतात. आमच्या बाबतीत ती खरी ठरली. अ‍ॅनोमली स्कॅनमध्ये (गर्भातील व्यंग पाहणाऱ्या सोनोग्राफीत) बाळाच्या पाठीचा कणा नीट जुळलेला नसल्याचे दिसले. त्याविषयी अधिक लिहवत नाही. मात्र पुढच्या खेपेस असा दोष टळावा म्हणून गर्भ राहण्याआधीपासूनच डॉक्टरांनी फॉलिक अ‍ॅसिडची 5 मिलिग्रॅमची गोळी सुरू केली होती, आणि आज लेक शाळेत जाते. जाऊबाईंना स्कॅन टाळू देऊ नका.

मैत्रेयी
रानजाई, हे लिहिलेत त्याबद्दल मनापासून आभार. स्कॅनची वेळ आजच घेते.

सह्यकडा
बाबांना हिपॅटायटिस बीमुळे सिरॉसिस (यकृत कायमचे खराब होऊन घट्ट होणे) होता, म्हणून यकृताच्या कर्करोगावर लक्ष ठेवायला दर सहा महिन्यांनी एएफपी आणि सोनोग्राफी ठरलेली असे. एएफपी नॉर्मल असतानाच सोनोग्राफीत यकृतात गाठ दिसली आणि तो कर्करोगच निघाला. केवळ रक्ताच्या अहवालावर विसंबलो असतो, तर ती वेळेत सापडली नसती, हे मी भेटेल त्या प्रत्येकाला सांगतो.

पाऊलवाट
वृषणातील काही कर्करोगांतही एएफपी वाढते. धाकट्या भावाच्या वृषणातील अशी गाठ काढल्यावर एएफपी साधारण 5 ते 7 दिवसांत निम्मे व्हायला हवे, असे डॉक्टरांनी सांगितले होते. ते त्या गतीने उतरेना, म्हणून केमोथेरपी द्यावी लागली. आता तो बरा आहे. तरुण मुले संकोचाने अशी गाठ लपवतात, याचे फार वाईट वाटते.

आजी_पुण्याची
एएफपीच्या तपासणीला उपाशीपोटी जावे लागते का?

काचपट्टी
नाही, आजी. मी प्रयोगशाळेत काम करते. गरोदर स्त्रीचे वजन, मधुमेह, जुळी असल्यास तसा उल्लेख आणि सोनोग्राफीची तारीख अर्जावर अवश्य लिहावी, कारण जोखमीचे गणित त्यावरूनच मांडले जाते.