थेट स्टार्टर मारू नका

नऊ वर्षं गॅरेजमध्ये उभी असलेली १९७२ची एमजीबी (जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार) नवी बॅटरी लावून रविवारी सुरू करणार, असं तुम्ही वर लिहिलंय. कृपया तसं करू नका. आधी चारही स्पार्क प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडा आणि रात्रभर राहू द्या. मग चौथा गिअर टाकून गाडी हळूच ढकला, इंजिन मोकळं आहे की नाही ते हाताला कळतं. ऑइल आणि फिल्टर बदलून, प्लग न लावताच, डॅशबोर्डवरचा ऑइल प्रेशरचा काटा वर येईपर्यंत स्टार्टर फिरवा.

टाकीतलं जुनं पेट्रोल काढूनच टाका. माझ्या गाडीतून निघालं ते कोऱ्या चहाच्या रंगाचं होतं, वास थेट व्हार्निशचा. चावी फिरवली की मागच्या उजव्या चाकाजवळचा, इंजिनाला पेट्रोल पुरवणारा एसयू कंपनीचा पंप टकटक करतो आणि कार्ब्युरेटर भरले की शांत होतो. टकटक थांबलीच नाही तर चावी लगेच बंद करा आणि पेट्रोल कुठे गळतंय ते शोधा.

ब्रेकचे रबरी होज दिसायला चांगले असले तरी बदलाच. ते आतून फुगतात, मग पेडल सोडलं तरी ब्रेक धरूनच राहतो. फ्लुइडही नवं भरा. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, शेवटचे दोन म्हणजे वर्ष. दहा वर्षांहून जुने असतील तर नक्षी कितीही खोल असो, त्यांवर रस्त्यावर जाऊ नका.

इंग्लंडमध्ये चाळीस वर्षांवरच्या बहुतेक गाड्यांना एमओटीची, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्यालायक आहे का ते पाहणाऱ्या वार्षिक तपासणीची, सक्ती नाही. तरी पहिल्या फेरीआधी ती करून घ्याच.