दोघांपैकी मागे राहील त्याला झेपेल असं घर कसं निवडावं? मदत हवी आहे

नमस्कार. आमचं तीन मजली घर विकून शहरात लहान घर घ्यायचं ठरलंय. माझं वय ६७, ह्यांचं ७३. दोन घरांपाशी येऊन गाडी अडली आहे आणि महिनाअखेरीपर्यंत एकाला होकार द्यायचाय. ज्यांनी स्वतः हे केलंय किंवा आईवडिलांसाठी केलंय, त्यांनी कृपया सांगा.

का हलतोय ते आधी सांगते. ह्यांच्या दोन्ही गुडघ्यांची झीज झाली आहे. जिना चढताना नवव्या पायरीला, वळणावर, ते कठड्याला धरून थांबतात आणि खिडकीतून बाहेर बघत उभे राहतात. मी खालून बघते, काही बोलत नाही. वरच्या दोन खोल्या आम्ही वापरतच नाही. गेल्या पावसाळ्यात तिथे छत गळत होतं, ते आम्हाला आठवड्याने कळलं. तेव्हाच ठरवलं, पाय आणि डोकं दोन्ही शाबूत आहेत तोवर हलायचं. नव्या घरातलं दिव्याचं बटण, नव्या गल्लीतलं वळण अंगवळणी पडायला वेळ लागतो, आणि विसरायला लागल्यावर ते फार जड जातं. सासूबाईंचं बघितलंय ना. नव्या घरात त्या रात्री उठायच्या आणि जुन्या घरात जिथे न्हाणीघर होतं त्या दिशेला चालत जाऊन भिंत चाचपत उभ्या राहायच्या.

पहिलं घर शहराच्या कडेला, नव्या उंच इमारतीत बाराव्या मजल्यावर आहे. तीन खोल्या, भरपूर उजेड, शांतता, दोन लिफ्ट. मुलाचं म्हणणं, डोळे मिटून घ्या. दुसरं जुन्या गजबजलेल्या वस्तीत पहिल्या मजल्यावर. दोनच खोल्या, एकच लिफ्ट, समोर वाहता रस्ता. पण भाजी, औषधं, वाचनालय, बस सगळं पाच-सात मिनिटांत पायी.

मी दोन्हीकडे टेप घेऊन गेले. चाकाची खुर्ची वळवायला साधारण १५० सेंटिमीटर व्यासाची मोकळी जागा लागते, म्हणून मी खडू आणि दोरीने तेवढं वर्तुळ जमिनीवर काढूनच बघितलं. पहिल्या घरात न्हाणीघरात ते मावलं. दुसऱ्या घरात कमोडला अडलं, आणि दार जेमतेम ६२ सेंटिमीटर निघालं. खुर्ची सुखाने जायला ९० तरी हवं. शिवाय ते आत उघडतं. आत माणूस पडला तर दाराशीच पडणार आणि बाहेरून दार उघडणार नाही, हे तिथे उभं राहिल्यावरच माझ्या लक्षात आलं. दुसऱ्या घराचा जिनाही अंधारा आहे. साठीला डोळ्यांच्या पडद्यापर्यंत विशीतल्या मानाने साधारण एक तृतीयांशच उजेड पोचतो, असं मी वाचलंय. त्या जिन्यात उतरताना शेवटच्या पायरीची कड मला दिसलीच नाही, पायाने शोधावी लागली.

इथवर पहिलंच घर सरस ठरतं. मग मी बाहेर पडले.

पहिल्या इमारतीपासून सगळ्यात जवळचं दुकान मोठ्या रस्त्यापलीकडे आहे. पायी रस्ता ओलांडण्याचा सिग्नल पुष्कळ ठिकाणी सेकंदाला १.२ मीटर चालणारा माणूस धरून लावलेला असतो. तो रस्ता साधारण १४ मीटरचा, म्हणजे बारा सेकंदांचा हिशोब. हे आपल्या नेहमीच्या चालीने निघाले आणि मी घड्याळ लावलं. सतरा सेकंद लागले. शेवटचे दोन-तीन मीटर गाड्या सुरू झाल्या होत्या आणि ह्यांनी हात वर केला होता. तो वर केलेला हात अजून डोळ्यांपुढून जात नाही. इमारतीपासून त्या सिग्नलपर्यंत एकही बाक नाही. जुन्या वस्तीतला रस्ता अरुंद आहे, वाहनं हळू जातात, आणि कोपऱ्यावर झाडाखाली बाक आहे. हे तिथे आपणहून बसले. शेजारच्या गृहस्थांनी सरकून जागा दिली आणि दहा मिनिटं दोघे पावसावर बोलत होते.

जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये जगातल्या ३३ शहरांतल्या ज्येष्ठांना विचारून, म्हाताऱ्या माणसांना सोयीचं शहर कसं असावं यावर मार्गदर्शिका काढली होती. त्यात बाक आणि स्वच्छतागृहं यांचा विषय आहे. आधी मला ते फार किरकोळ वाटलं होतं.

आता खरा प्रश्न. घरात तो कुणाशी बोलता येत नाही, म्हणून इथे लिहिते. हे घर आम्ही दोघांसाठी बघतोय, पण शेवटी त्यात एकटंच कुणीतरी राहणार आहे. मला गाडी चालवता येत नाही. हे आधी गेले तर बाराव्या मजल्यावरून मी कुणाच्या आधाराने खाली उतरून कुठे जाणार? आणि मी आधी गेले तर हे आपणहून कुणाचं दार वाजवणारे नाहीत. दिवसातून एकदा तरी कुणी ह्यांच्याशी बोलेल का, याचं उत्तर मला कुठल्याही नकाशात सापडत नाही. मग घर निवडताना दोघांचं सुख धरावं, की मागे राहणाऱ्याचं? तुम्ही काय धरलंत? आणि चुकलं असेल तर कुठे चुकलं?

सामानाचं विचारत नाही, ते आवरेल. रस्त्याच्या आवाजाचं मात्र सांगा, त्याची सवय खरंच होते का? झोप उडाली तर बाकी सगळं सोयीचं असून काय उपयोग.

*

प्रतिसाद

ताई, तुमचा प्रश्न वाचून थांबलो. वडील गेल्यावर आई चार वर्षं एकटी राहिली, आणि घर आम्ही दोघांकडे बघून घेतलं होतं. मोठं, हवेशीर, गावाबाहेर. वडील गाडी चालवायचे तोवर काही अडलं नाही. नंतर आईला एक औषधाची पट्टी आणायची तर माझी वाट बघावी लागायची. ती तक्रार करायची नाही. फोनवर फक्त विचारायची, "रविवारी येतोयस ना?" आम्ही मागे राहणाऱ्याचा विचार करायला हवा होता.

न्हाणीघर बदलता येतं. दार मोठं करून सरकतं बसवता येतं, कमोडशेजारी भिंतीत पक्का धरायचा दांडा लावता येतो, जिन्यात दिवे आणि पायरीच्या कडेला पिवळी पट्टी लावता येते. त्यासाठी आधी भिंत नुसती आडोशाची आहे की इमारतीचा भार पेलणारी, हे अभियंत्याला दाखवून घ्या. भार पेलणारी असेल तर दार सहजासहजी रुंद होणार नाही आणि मग माझं मत बदलेल. समोरचा सिग्नल आणि नसलेला बाक मात्र तुम्हाला बदलता येणार नाही.

लिफ्टचंही मोजा. आडवं स्ट्रेचर न्यायला लिफ्ट आतून साधारण २१० सेंटिमीटर खोल लागते. जुन्या इमारतीत ती नसणारच, पण पहिल्या मजल्यावरून माणसाला जिन्याने उचलून नेता येतं. मजल्याला अठरा पायऱ्या धरल्या तर बाराव्या मजल्याचे दोनशेच्या वर होतात. आग लागली तर लिफ्ट वापरायची नसते, तेव्हा ह्या पायऱ्या काकांना उतराव्या लागतील.

*

प्रतिसाद

आवाजाबद्दल: मला सवय झाली, माझ्या बायकोला झाली नाही. झोपायची खोली मागच्या बाजूला घेतली आणि खिडकीला दुहेरी काच लावली, तेव्हा ती झोपायला लागली. कुणाच्या सांगण्यावर जाऊ नका, तिथे रात्र काढा. शक्य असेल तर त्याच वस्तीत आधी सहा महिने भाड्याने राहा. आणि इस्पितळापर्यंतचा वेळ संध्याकाळच्या गर्दीत मोजा. मेंदूच्या झटक्यात गुठळी विरघळवायचं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यायचं असतं, आणि त्यात तपासणीचा वेळही येतो.

*

धागाकर्तीचं उत्तर

दोघांचेही मनापासून आभार. तुमच्या आईचं "रविवारी येतोयस ना" वाचलं आणि रात्री ह्यांच्यासमोर विषय काढला. मला वाटलं होतं, वाईट वाटेल. हे थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "मीही तेच मोजत होतो, तू एकटी असलीस तर काय." म्हणजे इतके दिवस आम्ही दोघंही एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत होतो.

इस्पितळाची वेळ काल संध्याकाळी सात वाजता मोजली. पहिल्या घरापासून ५० मिनिटं, दुसऱ्यापासून १५. न्हाणीघराच्या भिंतीसाठी अभियंता गुरुवारी येतोय. भिंत भाराची निघाली तर दुसरं घर सोडून त्याच गल्लीत तिसरं शोधायचं, असं दोघांनी ठरवलंय. मालक शनिवारी एक रात्र राहू द्यायला तयार आहेत. गाद्या नेऊन रस्त्याकडच्या खोलीतच झोपणार आहोत. रात्री अजून काय तपासायचं सुचत असेल तर शनिवारच्या आत सांगा.