कर्क आणि खान एकदाही समोरासमोर येत नाहीत, हा 'द रॅथ ऑफ खान'चा दोष मानावा का?

अर्धवट_दुर्बीण

गेल्या शनिवारी मी माझ्या सोळा वर्षांच्या चिरंजीवांबरोबर 'स्टार ट्रेक'चा १९८२ सालचा दुसरा चित्रपट, म्हणजे 'द रॅथ ऑफ खान', पुन्हा पाहिला. दूरदर्शनवर रविवारी सकाळी मूळ मालिका लागत असे, तेव्हापासूनचा माझा लोभ असल्यामुळे मी निःपक्षपाती नाही, हे आधीच कबूल करतो. चिरंजीवांचा आक्षेप असा की, कर्कने हद्दपार केलेला खान पंधरा वर्षे एका ओसाड ग्रहावर सूड जपतो, कर्कच्या नावाने बोटे मोडतो, त्याच्यासाठी एक अख्खे यान बळकावतो, आणि तरीही नायक व खलनायक चित्रपटभर एका खोलीत येत नाहीत. जे काही बोलणे होते ते पडद्यावरून किंवा संदेशयंत्रावरून. हातघाईची वेळच आली नाही तर सूडकथा पुरी कशी झाली, या त्याच्या प्रश्नावर मला चटकन उत्तर सुचले नाही. हा पटकथेचा दोष आहे, निर्मितीतील अडचण आहे की हेतुपुरस्सर केलेली रचना आहे? चित्रपट पाहिलेला नसल्यास पुढे वाचू नये, कारण शेवटाचीही चर्चा होणार हे उघड आहे.

नेगेटिव्हची_पेटी

व्यवहाराची बाजू आधी सांगतो, कारण ती या प्रश्नाला अगदी चिकटून आहे. डिसेंबर १९७९ मध्ये आलेल्या पहिल्या चित्रपटावर चार कोटी डॉलरहून अधिक खर्च झाला होता. तो चालला, परंतु संथपणाबद्दल त्याला बोल लागला, आणि दुसरा भाग काढताना पॅरामाउंटने हात आखडता घेतला. खर्चाची मर्यादा साधारण १ कोटी २० लाख डॉलरच्या आसपास आली आणि निर्मिती दूरचित्रवाणीच्या मुशीत तयार झालेल्या हार्व बेनेट यांच्याकडे गेली. त्यांनी मूळ मालिकेचे सगळे ७९ भाग पाहून काढले आणि १९६७ सालच्या 'स्पेस सीड' या भागातून खान उचलला. कर्कचे यान एंटरप्राइझ गोदीतून बाहेर पडते ती दृश्ये पहिल्या चित्रपटातली आहेत. एंटरप्राइझचा आणि खानने बळकावलेल्या रिलायंटचा नियंत्रणकक्ष तर एकच सेट आहे. थोडी सजावट बदलली की यान बदलले! कर्कचे आणि खानचे प्रसंग वेगवेगळ्या वेळी चित्रित झाले, त्यामुळे कर्क झालेले शॅटनर आणि खान झालेले माँटल्बान हे या चित्रपटात एकमेकांसमोर उभे राहून अभिनय करतच नाहीत.

पण एवढ्यावरून याला निव्वळ काटकसर म्हणता येणार नाही. दिग्दर्शक निकोलस मायर यांना अंतराळकथांपेक्षा आरमारी कथांची ओढ अधिक होती, आणि त्यांनी ही गोष्ट दोन गलबतांची, शेवटी शेवटी तर दोन पाणबुड्यांची, म्हणून रचली. मुतारा तेजोमेघात शिरल्यावर दोन्ही यानांचे पडदे आंधळे होतात आणि संरक्षककवचे निकामी होतात. मग युद्ध उरते ते अंदाजाचे. खान हुशार आहे, पण तो सपाट जमिनीवर लढल्यासारखा विचार करतो हे कर्कचा सहकारी आणि मित्र स्पॉक याच्या ध्यानात येते. कर्क यान खाली नेतो, थांबतो आणि रिलायंटच्या मागे वर येतो. तो तेजोमेघसुद्धा पाण्याच्या टाकीत तयार केलेला होता: खाली खारे पाणी, वर गोडे पाणी आणि त्यांच्या सीमेवर सोडलेले पांढरे रबरी द्रव. आज पाहतानाही तो ढग मला संगणकावरच्या कित्येक ढगांपेक्षा खरा वाटतो, जरी याच चित्रपटात जेनेसिसचे (निर्जीव ग्रहावर जीवसृष्टी उभारणाऱ्या यंत्राचे) ते मिनिटभराचे, पूर्णपणे संगणकावर घडवलेले दृश्य असले तरी.

आपल्या चिरंजीवांना एवढेच विचारा की, दोघे समोरासमोर आले असते तर काय झाले असते? खानची ताकद कर्कच्या पाचपट आहे, असे तो स्वतःच १९६७ मध्ये सांगून चुकला आहे. त्या भागात कर्क त्याला यंत्रातून उपटलेल्या दांडक्याने लोळवतो, आणि ते मला कधीच पटले नाही. अंतर ठेवले की खानची ताकद बिनकामाची ठरते आणि लढाई अकलेवर येते. पहिल्या हल्ल्यानंतर खान साठ सेकंदांची मुदत देतो तो प्रसंग पुन्हा पाहा: कर्क वेळ काढत बोलतो आहे, रिलायंटची कवचे बाहेरून उतरवू शकणारा पाच अंकी संकेत शोधायचा आहे, आणि त्याच क्षणी या नामवंत कप्तानाला आधी चष्मा शोधून डोळ्यांवर चढवावा लागतो. म्हातारपणाची इतकी नेमकी चेष्टा साहसपटात मी क्वचितच पाहिली आहे.

काचेच्या_अलीकडे

वरील उत्तरात एक भर घालतो. हा चित्रपट माणसांमधल्या आडपडद्याचाच आहे. खान पडद्यापलीकडे मरतो, त्याचे कर्कला फारसे सोयरसुतकही नाही. पण लगेच नंतर स्पॉक किरणोत्सर्गाने भरलेल्या कक्षात काचेपलीकडे मरतो. तो उठून उभा राहतो, सवयीने अंगरखा खाली ओढून नीट करतो, चालत येतो आणि काचेला धडकतो, कारण त्याला आता दिसत नाही. हात काचेच्या दोन बाजूंना राहतात. खानशी आधी गळपकड झाली असती, तर ही न झालेली भेट इतकी बोचली नसती.

चिकित्सक_मावशी

रचना चांगली आहे हे मान्य करूनही मी आक्षेप अर्धा मागे घेईन, पूर्ण नाही. समोरासमोर भेट नसल्यामुळे खानचे दुःख कर्कपर्यंत पोचतच नाही. ज्या बाईने आपली नोकरी सोडून त्याच्याबरोबर हद्दपारी पत्करली, ती त्या ग्रहावर मेली, आणि इथे तिचे नावही उच्चारले जात नाही. 'माझी प्रिय पत्नी' एवढ्या उल्लेखावर तिची बोळवण होते. कर्कने त्या वसाहतीची पुन्हा चौकशी का केली नाही, हा प्रश्न कुणीतरी त्याच्या तोंडावर विचारायला हवा होता. दुसरे असे की, मालिकेत खान उत्तर भारतातला, बहुधा शीख, असा सांगितला आहे, आणि ती भूमिका मेक्सिकोत जन्मलेल्या रिकार्डो माँटल्बान यांनी केली. त्यांचा अभिनय मला आवडतो, तो वेगळा मुद्दा. पण पहिल्या चित्रपटात मुंबईच्या पर्सिस खंबाटा यांनी मुंडन करून एक वेगळ्याच ग्रहावरची स्त्री साकारली, आणि दुसऱ्यात भारतीय म्हणवणारे पात्र भारतीय दिसण्याचीही कुणाला गरज वाटली नाही, याची मला गंमतही वाटते आणि थोडा रागही येतो.

अर्धवट_दुर्बीण

सर्वांचे आभार. 'पाचपट ताकद' हा युक्तिवाद चिरंजीवांना पटला, मावशींचा प्रश्न मात्र त्यांना अधिक पटला. त्यांनी काल 'स्पेस सीड' शोधून पाहिला आणि मला नव्या पेचात टाकले आहे: खान चित्रपटात चेकॉवचा, म्हणजे कर्कच्या जुन्या सहकारी अधिकाऱ्याचा, चेहरा ओळखतो, पण तो भाग प्रसारित झाला तेव्हा चेकॉव मालिकेत आलेलाच नव्हता, तो दुसऱ्या हंगामात आला. मी सध्या 'तो तेव्हा यानाच्या खालच्या मजल्यावर असेल' असे सांगून वेळ मारून नेली आहे.