आवडत्या पुस्तकावरून पुढचं पुस्तक कसं सापडलं? अनुभव लिहा

एखादं पुस्तक इतकं भिडतं की ते संपल्यावर दुसरं काही हातात धरवत नाही. ‘असंच अजून’ हवं असतं, पण असंच म्हणजे नेमकं कसं ते सांगता येत नाही. अशा वेळी तुम्ही काय करता? नुसत्या याद्या नकोत, शोध कसा लागला ते लिहा.

सुरुवात माझ्यापासून. मी लेखकाच्या मुलाखती शोधते. स्वतःच्या पुस्तकाबद्दल हातचं राखून बोलणारे लेखक आपण घडताना काय वाचलं हे विचारलं की खुलतात. तिथून मिळालेली नावं मला सहसा लाभतात.
– सायली_वाचते

*

मी इतिहास जास्त वाचतो, त्यामुळे संदर्भसूची हाच माझा रस्ता. त्यातही तळटीपांमध्ये लेखक ज्याच्याशी वाद घालतो, ते पुस्तक आधी मिळवतो. दुसरी बाजू कळते, आणि पहिलं पुस्तक पुन्हा नव्याने वाचावंसं वाटतं.
– तळटीप

*

अनुवादक! परभाषेतलं पुस्तक आवडलं की त्याच अनुवादकाने आणखी काय केलंय ते बघते. चांगला अनुवादक निवडून काम घेतो, त्याची आवड आपल्याशी जुळली की अनोळखी लेखकही बिनधास्त उचलता येतात.
– निळी_शाई

*

जरा सविस्तर लिहितो. मला एका बेटावर घडणारी रहस्यकथा अतिशय आवडली होती. मग ओळीने रहस्यकथा आणल्या, एकीतही जीव रमेना. पुढे नॅन्सी पर्ल या अमेरिकन ग्रंथपालांची मांडणी वाचनात आली. त्या म्हणतात, पुस्तकात शिरायला चार दारं असतात: कथानक, पात्रं, स्थळ आणि भाषा. प्रत्येक पुस्तकात यातलं एखादं दार मोठं असतं, आणि वाचकाचंही एक आवडतं दार असतं. तेव्हा उलगडलं, मला खून कोणी केला याच्याशी देणंघेणं नव्हतंच. मला ते बेट हवं होतं: तिथलं धुकं, बोटींची वाट बघणं, सगळ्यांनी सगळ्यांना ओळखणं.

मग प्रवासवर्णनांकडे वळलो, तिथून समुद्रपक्ष्यांवरच्या पुस्तकांकडे. इथे ग्रंथालयाची मांडणी फार कामी आली. ड्यूई दशांश पद्धत (1876) विषयवार आकडे देते: पक्षी 598, सस्तन प्राणी 599. हव्या त्या आकड्यापाशी उभं राहून डावी-उजवीकडची पुस्तकं चाळायची. मात्र त्याच पक्ष्यांवरचे ललित लेख 800 च्या साहित्य विभागात जाऊ शकतात, म्हणून दोन्हीकडे फेरी मारावी. भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांनी 1931 मध्ये मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या सूत्रांपैकी ‘प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक’ हे मला अशा कपाटांसमोर पटतं.
– दीपगृह

*

दीपगृह, फारच सुंदर. माझं दार भाषेचं, हे आत्ता वाचता वाचता लक्षात आलं.
– सायली_वाचते

*

ॲपवरच्या शिफारशींबद्दल थोडं. त्यातली एक रुळलेली पद्धत पुस्तकात काय आहे ते बघतच नाही. हे वाचणाऱ्यांनी आणखी काय वाचलं, एवढंच जुळवते. त्यामुळे खूप खपलेली पुस्तकं पुन्हापुन्हा पुढे येतात, आणि कोणी फारसं न वाचलेलं नवं पुस्तक मागे पडतं. मी खपणारी पुस्तकं नोंदवतच नाही. कमी लोकांना ठाऊक असलेली, पण मला जिवापाड आवडलेली तेवढीच नोंदवतो. शिफारशी लगेच सुधारतात.
– गणिती

*

मी नापसंतीचे अभिप्राय आधी वाचते. का आवडलं नाही हे माणसं फार नेमकं सांगतात. ‘पानंच्या पानं नुसतं वर्णन, काही घडतच नाही’ असं कोणी वैतागून लिहिलं असेल तर ते पुस्तक मी त्याच दिवशी मागवते. दीपगृह, तुम्हालाही अशीच आवडतील बहुतेक.
– संथ_पाणी